उघड्या कपाळांच्या गाई

हिंटरआउ, १८ एप्रिल १९९३

रोझी,

तुझं कार्ड मिळालं. पुढे निळा समुद्र, मागे चार ओळी, त्यातल्या दोन हवेबद्दल. पोस्टमनने माझ्याआधी वाचून घेतलं होतं. दारातच म्हणाला, "तुमच्या बहिणीकडे लिंबं पिकलीत म्हणे." माझ्या बहिणीची खुशाली मला पोस्टमनकडून कळावी, इथवर पाळी आली.

इथे गोठ्यामागे अजून बर्फ आहे. आईला जाऊन वर्ष व्हायचंय. तिचं सगळं तू केलंस, मी नाही म्हणत नाही. पण म्हणून वरच्या खोलीला कुलूप घालून, साठी उलटल्यावर, एक बॅग घेऊन युरोपभर हिंडत सुटायचं? आणि हिंडायचं तेही कसं, तर सावकाश. लोक आठ दिवस जातात, फोटो काढतात, परत येतात. तू म्हणे प्रत्येक ठिकाणी महिना महिना राहणार. महिनाभर तिथे करतेस तरी काय? भांडी त्यांच्याकडेही खरकटी होतातच ना?

गावात विचारतात, मी सांगते हवापालटासाठी गेलीय. टायरोलच्या डोंगरातून माणूस हवा बदलायला जातो यावर कोणाचा विश्वास बसत नाही, तो भाग वेगळा.

एवढंच सांग, सप्टेंबरात गुरं डोंगरावरच्या कुरणातून उतरतील तेव्हा तू असशील की नाही? गेल्या वर्षी आईमुळे गाई उघड्या कपाळांनी उतरल्या. घरात मयत झालं की मुकुट नाही, हा नियम मी केलेला नाही. पण यंदा गाईच्या डोक्यावर कागदी फुलांचा मुकुट हवा, आणि तो तुझ्याच हातचा हवा.

बुर्गी

---

सिराक्यूज, सिसिली, ४ मे

बुर्गी,

वरच्या खोलीला कुलूप घातलं म्हणतेस. ते कुलूप मी पहिल्यांदा घातलं. आजवर त्या खोलीत कोणीही केव्हाही शिरायचं. आई हाक मारायची म्हणून मी दार लोटूनसुद्धा घेत नसे. तेव्हा कुलपाबद्दल एक अक्षर नको.

महिनाभर काय करते ते ऐक. सकाळी घरमालकिणीबरोबर बाजारात जाते. ती मासळीवाल्याशी भांडते, मी पिशवी धरते. दुपारी सगळं शहर दारं लावून झोपतं, मीही झोपते. आयुष्यात पहिल्यांदा दुपारी झोपले आणि कोणी मेलं नाही. संध्याकाळी खुर्च्या रस्त्यावर काढून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवतो. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खरं. पण दुसऱ्याच्या चुलीपाशी बसलं की धूर आपल्या डोळ्यांत जात नाही.

आणि हे सगळं पाहून मला सुख होत नाही, संताप येतो. हा समुद्र इथे सारा जन्म होता. आगगाडीने एक रात्र आणि एक दिवस. मला कोणी सांगितलं नाही. तू तर मुळीच नाही.

मुकुटाचं म्हणशील तर मी येईन. शब्द दिला. चौदाव्या वर्षापासून तो मुकुट मी बांधतेय. कागदी गुलाब करायला इथूनच सुरुवात केलीय. इथली लाल संत्री एकेक करून पातळ छापील कागदात गुंडाळून विकतात. तो कागद इतका मऊ असतो की पाकळ्या आपोआप वळतात. पहिलं खोकं पाठवलंय. ओलीत ठेवू नकोस.

शेकी गाय कशी आहे? हिवाळ्यात तिचा मागचा पाय दुखत होता.

रोझी

---

हिंटरआउ, २० जून

रोझी,

खोकं आलं. गुलाब चांगले आहेत. एकावर सोनेरी सिंह छापलाय, तो मी व्हाइटला दाखवला. म्हणाला, "मावशी गायीच्या डोक्यावर सिंह बसवणार वाटतं." पोराला बेचाळीस वर्षं झाली, अक्कल तेवढीच.

गुरं वर गेली. शेकीचा पाय बरा आहे, पुढे तीच होती. पोहोचवायला मी या वेळी पुलापर्यंतच गेले. घरात कामं फार.

तू कागद पाठवतेस पण मुकुट म्हणजे नुसते गुलाब नव्हेत. देवदाराच्या फांद्या कोणी आणायच्या? मधला आरसा गेल्या वेळचा तडकलाय. वाईट नजर उलटवायची तर आरसा धड हवा. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. लवकर ये. ऑगस्टच्या शेवटी आलीस तर निवांत बांधून होईल.

फोन का करत नाहीस?

बुर्गी

---

रोस्कोफ, १५ जुलै

बुर्गी,

फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि मग तू फोन ठेवतेस. पत्रात तुला माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून.

हा फ्रान्सचा ब्रिटनी किनारा. जुलैतसुद्धा स्वेटर घालून बसलेय. पाऊस आडवा येतो, आणि इथल्या लोकांना विचारलं तर म्हणतात, "पाऊस? कुठाय?" समुद्र दिवसातून दोनदा उठून निघून जातो आणि होड्या चिखलात आडव्या पडतात. परत येतो तेव्हा त्याची कोणी चौकशी करत नाही, कुठे गेला होतास, का गेला होतास. मला हे फार आवडलं.

मी ज्या घरात राहते तिथली म्हातारी कांदे गुंफून त्यांच्या वेण्या करते. मी शिकले. माझी वेणी पाहून ती म्हणाली, "हात मुरलेले आहेत, कोणासाठी काय बांधायचीस?" मी म्हटलं, गाईंसाठी मुकुट. तिने शेजारणींना बोलावलं आणि मला पुन्हा तेच सांगायला लावलं. हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. मला राग आला, पण मग मीच विचार केला, इतकी वर्षं मी गाईच्या डोक्यासाठी खपले. स्वतःसाठी कधी टोपीसुद्धा विणली नाही.

दुसरं खोकं पाठवतेय. निळा कागद आहे, साखरेच्या पुड्यांचा. आरसा मी आणीन.

रोझी

---

हिंटरआउ, ६ ऑगस्ट

रोझी,

खोकं मिळालं. इथे वादळं फार झाली. गवत एकदा भिजलं. बाकी ठीक.

शेकी आहे तिथे बरी आहे.

कधी येतेस ते कळव. तारीख लिही. व्हाइट म्हणतो यंदा सप्टेंबरच्या अठरा तारखेला उतरणार.

बुर्गी

---

दोरू नदीकाठ, पोर्तुगाल, २८ ऑगस्ट

बुर्गी,

तुझं पत्र इतकं लहान होतं की पाकीट पुन्हा उघडून पाहिलं, आत दुसरा कागद राहिला की काय म्हणून. रागावली आहेस ना? तर मग आता आणखी रागव, कारण मी काहीतरी मागणार आहे.

इथे नदीच्या दोन्ही अंगांना डोंगरभर पायऱ्या पायऱ्यांचे द्राक्षमळे आहेत. मी देओलिंदा नावाच्या विधवेकडे राहते. माझ्याच वयाची, आवाज तुझ्यासारखा. गावच्या जत्रेला इथे रस्त्यावरून कागदी फुलांच्या माळा सोडतात. माझे गुलाब तिने हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "तू आमच्यातलीच. फक्त चुकीच्या डोंगरात जन्मलीस." पंधरा सप्टेंबरपासून द्राक्षं उतरवायची आहेत. सगळं गाव मळ्यात असतं, मळ्यातच जेवण, मळ्यातच गाणी. ती म्हणते, थांब. मला मळ्यातली वेलींची एक ओळ देणार आहे, माझी स्वतःची.

बुर्गी, मला आजवर कोणी थांब म्हणालं नव्हतं. काम आहे म्हणून थांब, आजारी आहे म्हणून थांब, हे म्हणाले. तू हवीस म्हणून थांब, हे कोणी नाही.

मुकुटाचं सगळं सामान मी पोस्टाने पाठवते, आरशासकट. बांधायचं कसं ते चित्र काढून पाठवते. एक वर्ष तू बांध. मला या शब्दातून मोकळं कर. तू नाही म्हणालीस तर येईन, कारण शब्द दिलाय. पण नाही म्हणू नकोस.

रोझी

---

हिंटरआउ, ५ सप्टेंबर

रोझी,

नाही. मुकुट तुझाच हवा. अठरा तारखेला दुपारपर्यंत पोच.

बुर्गी

---

इन्सब्रुक, १९ सप्टेंबर

बुर्गी,

हे मी स्टेशनवरच्या बाकावर बसून लिहितेय. काल स्वयंपाकघरात जे बोलले त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण तू मध्ये मध्ये बोलत होतीस, म्हणून आता पहिल्यापासून सांगते. आणि तू गप्प बसून वाच.

देओलिंदाने मला निरोप देताना तोंड फिरवलं. तीन गाड्या बदलून आले. मांडीवर आरसा, फडक्यात गुंडाळलेला. वाटेत एकदाही खाली ठेवला नाही. काल दुपारी पुलाजवळ बसमधून उतरले तर घंटा ऐकू आल्या. गुरं वेळेआधीच उतरत होती. मी म्हटलं, हरकत नाही, गोठ्याच्या दारात मुकुट बांधू, हसतील लोक, हसोत.

मग वळणावरून पहिली गाय दिसली. कपाळ उघडं. दुसरी, तिचंही उघडं. सगळ्यांची. रस्त्याच्या कडेला माणसं गप्प. पुढे व्हाइट, टोपी हातात. पुढे तू नाहीस.

बुर्गी, लग्न होऊन तुझा नवरा मेनिक आपल्या घरात आला त्या वर्षापासून गुरांच्या पुढे काठी घेऊन तू चालतेस. व्हाइट पोटात असताना चाललीस. मेनिक गेला त्या सालीही, उघड्या कपाळांच्या गाईंपुढे, काळा रुमाल बांधून तूच चाललीस. गेल्या वर्षी आईच्या वेळीही. तू गुरांपुढे नसण्याचा एकच अर्थ मला ठाऊक होता. तुझं शेवटचं पत्र एका ओळीचं, अक्षर वाकडं. सगळं जुळलं. मी व्हाइटला हाकही मारली नाही. गुरं माझ्या अंगाला घासून गेली तरी मी हलले नाही.

मग मी चर्चमागे दफनभूमीत गेले. तुझी कबर शोधायला. आईच्या शेजारची माती पाहिली, गवत होतं. पलीकडच्या रांगा पाहिल्या. मनात म्हणत होते, इतक्यात दगड बसवला नसेल, नुसता लाकडी क्रूस असेल, त्यावर नाव नीट लिहिलंय ना तेवढं बघू. मी मोठ्याने रडत होते. चर्चची देखभाल करणारा सॅक्रिस्टन पाहत होता. मी तुला शिव्या देत होते की मला कळवलं नाहीस. मेलेल्या बाईला.

तिथून घरी आले. दारातच तळणीचा वास. आणि तू स्टुलावर बसलेली, हातात झारा, कढईत पुऱ्यांसारखे क्राफ्फन फुगतायत. मान वर करून म्हणालीस, "आलीस? बूट बाहेर काढ."

बूट बाहेर काढ.

मग तूच सांगितलंस, शेकी जुलैतच दरीत पडली होती. वादळात. जनावर गेलं तरी मुकुट नाही, हा नियम तुलाही ठाऊक, मलाही. म्हणजे मी देओलिंदाकडे हात जोडत होते, तुझ्याकडे सुटका मागत होते, तेव्हा तुला पक्कं माहीत होतं की मुकुट लागणारच नाही. "शेकी आहे तिथे बरी आहे." हे लिहिताना तुला काहीच वाटलं नाही? माझ्या तोंडाला पानं पुसलीस. माझी ओळ आज दुसरी कोणीतरी बाई तोडतेय.

आरसा उंबऱ्यावर ठेवून आले. तो तुझ्याकडेच असू दे. त्यात बघ.

रोझिना

---

हिंटरआउ, १० ऑक्टोबर

रोझी,

आरशात बघितलं. म्हातारी दिसते. तू अपेक्षा केली होतीस त्याहून वेगळं काही दिसलं नाही.

फसवलं, होय. व्हाइटने वरून खाली येऊन सांगितलं शेकी गेली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? गाईचा नाही आला. मुकुट नाही म्हणजे रोझी येणार नाही, हा आला. मग मी व्हाइटला दम दिला, मावशीला कोणी एक अक्षर कळवायचं नाही. तो म्हणाला, "आई, हे बरं नाही." मी म्हटलं, तू गोठा बघ.

आता तू गप्प बस आणि माझं ऐक, कारण मी काही कबरीतून बोलत नाहीये.

तू स्वयंपाकघरात आलीस, अर्धा तास ओरडलीस, आरसा उंबऱ्यावर ठेवलास आणि संध्याकाळची बस धरलीस. एवढ्या वेळात तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, बुर्गी बसून का तळतेय? जन्मात कधी मला बसून तळताना पाहिलंयस? आईच्या दुखण्यात, व्हाइटच्या लग्नात, घरभर पाहुण्यांत, मी कधी बसले? सिसिलीतल्या मासळीवाल्याचा आवाज तुला कळतो, देओलिंदाचं तोंड फिरवणं कळतं. सख्ख्या बहिणीचं स्टूल दिसलं नाही.

माझा उजवा खुबा गेलाय. हिवाळ्यापासूनच. तू जायच्या आधीपासून. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू बॅग पुन्हा खाटेखाली ढकलली असतीस, आणि मग जन्मभर माझ्याकडे आईकडे बघायचीस तशी बघत राहिली असतीस. तसं नको होतं. म्हणून जाऊ दिलं. पण तू गेलीस आणि तुला इतकं सुख लागलं, हेही मला सहन झालं नाही. दोन्ही खरं आहे. जूनमध्ये पुलापर्यंतच गेले म्हणून लिहिलं होतं ना? पुलापुढे जाताच आलं नाही. मुकुट तुझ्याच हातचा हवा म्हणाले, तो एक बहाणा होता. मला वाटलं होतं, तू येशील आणि मी म्हणेन, या वर्षी गुरांपुढे तू चाल. काठी तुझ्या हातात देईन. ते सांगायला तोंड उघडलं तर माझ्या तोंडून बूट निघाले, आणि तू ओरडायला लागलीस.

तू माझ्यासाठी रडत आली होतीस हे मला तुझं पत्र वाचून कळलं. सॅक्रिस्टनने आधी सांगितलं होतं, मला वाटलं तो पिऊन बोलतोय. रोझी, आपल्याकडे आईसुद्धा माझ्यासाठी कधी मोठ्याने रडली नाही. तुझी ओळ मी घालवली. त्याचं मला वाईट वाटतं. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, आता राहू देते.

पण कबर शोधायला इतकी घाई? आधी घर बघायचंस.

बुर्गी

---

दोरू नदीकाठ, १२ डिसेंबर

बुर्गी,

दोन महिने उत्तर लिहिलं नाही, कारण दर वेळी पहिल्याच ओळीत "गाढवे" असं यायचं. ते आता लिहून झालं, पुढे जाते.

खुबा गेला आणि तू लपवलास. एका गाईचा पाय दुखला तर अख्ख्या घराला माहीत असतं, तुझा खुबा गेला ते कोणाला माहीत नाही. शहरातल्या हॉस्पिटलात जा. लेंटचे उपास सुरू व्हायच्या आधी. सबब नको. व्हाइटला मी आता स्वतः लिहिलंय, आणि तो या वेळी मला उत्तर देतोय, तुझ्या दमाला न घाबरता.

स्टूल मी पाहिलं नाही. खरं आहे. मला लाज वाटते आणि तरी राग जात नाही. मी परत पोहोचले तेव्हा द्राक्षं तुडवून झाली होती. देओलिंदाने विचारलं, "तुझी बहीण मेली का?" मी म्हटलं, "नाही, क्राफ्फन तळत होती." ती इतकी हसली की मलाही हसावं लागलं. मग तिनेच सांगितलं, पुढच्या वर्षी ओळ पुन्हा तुझी.

इथे आता धुकं आहे. नदी दिसत नाही, नुसता आवाज. ऑलिव्ह काठीने झोडून खाली पाडतात आणि आम्ही म्हाताऱ्या शेकोटीपाशी बसून पानं वेचून बाजूला करतो. बसून, बुर्गी. इथे कितीतरी कामं बसून करतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. द्राक्षं निवडायचं टेबलही बसूनच.

तेव्हा नीट वाच. पुढच्या सप्टेंबरात मी हिंटरआउला येणार नाही. मुकुट कोणाच्याही डोक्यावर असो. तुला भेटायचं असेल तर तू इकडे ये. जन्मात खोऱ्याबाहेर पडली नाहीस. दुरून डोंगर साजरे असं मी इथे सगळ्यांना सांगत असते. तू एकदा दूर जाऊन आपला डोंगर बघ.

येणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी लिहिलं.

रोझी

---

हिंटरआउ, ८ सप्टेंबर १९९४

रोझी,

येणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणे. तुला काय माहीत असतं ते आपण गेल्या वर्षी पाहिलं.

हॉस्पिटलात गेले. नवा खुबा बसवला. डॉक्टर पोरगेला होता, म्हणाला, "आजीबाई, सपाटीवर हिंडा, आगगाडीत बसा, पण डोंगर उतरून येणाऱ्या गुरांपुढे चालणं विसरा." मी त्याला सांगितलं, मी तुझी आजी नाही. पण तो बरोबर होता. जूनमध्ये प्रयत्न करून पाहिला.

या उन्हाळ्यात कोणी पडलं नाही, कोणी गेलं नाही. म्हणजे मुकुट आहे. मी बांधला. तुझे संत्र्याचे गुलाब आणि साखरेचे निळे, दोन्ही खोकी कोरडी ठेवली होती. मध्ये तुझा आरसा. मुकुट डावीकडे कलतो. व्हाइट म्हणाला, "छान आहे," म्हणजे किती वाईट असेल ते समज. सिंह मी पुढच्या बाजूला लावलाय.

गुरांपुढे सून चालणार. काठी तिला दिली. मग सगळ्यांनी मिळून माझं ठरवलं: चर्चसमोरच्या कुंपणापाशी खुर्ची ठेवायची, वर उशी, पायांवर शाल. तिथे मी बसायचं, आणि गुरं जाताना शहरातून आलेल्या पाहुण्यांबरोबर टाळ्या वाजवायच्या. पाहुण्यांबरोबर. माझ्या गुरांना. मी म्हटलं, हे माझ्याच्याने होणार नाही. पुढे चालेन नाहीतर तिथे नसेन.

तेव्हा तिथे नसेन. गुरं सतरा तारखेला उतरणार आहेत, मी सोळाला पहाटे निघतेय. फक्त सुनेला सांगितलंय. व्हाइट अडवत बसेल. गाडी कुठे कुठे बदलायची ते तू मागच्या पत्रात सांगितलं नाहीस, नेहमीप्रमाणे नदीचं धुकं सांगितलंस. स्टेशनवरच्या माणसाला विचारून घेतलं. देओलिंदाला सांग, मी टेबलापाशी बसून द्राक्षं निवडेन, पण स्टुलाला पाठ हवी. आणि बूट बाहेर काढायचे की आत चालतात ते आधीच सांगून ठेव, मला दारातच बोलणी खायची नाहीत.

सतराला सगळं गाव रस्त्यावर असेल. गाई मुकुट घालून येतील, आणि मी पुढेही नसेन, कुंपणापाशीही नसेन. लोक एकमेकांना विचारतील, बुर्गी गेली की काय.

शोधू देत दफनभूमीत.

बुर्गी